दोन हातांमधली पट्टी

"आता दीड महिना उताणं पडून राहायचं. कुशीवर वळावंसं वाटलं तर हाक मारा, आम्ही वळवू," असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मला हसूच आलं. माझी तिशीही उलटली नव्हती. जंगलातल्या लाकडाच्या डेपोवर मी कारकून होतो. ओंडक्यांना टेप लावायची, मापं घ्यायची आणि उन्हापावसात दिवसभर हिंडायचं, हे माझं काम. चिखलात रुतलेल्या लॉरीला खांदा लावताना छातीत डावीकडे कळ आली, दरदरून घाम फुटला आणि मी मटकन खाली बसलो, एवढंच झालं होतं. डेपोवरच्या माणसांनी मला बैलगाडीत घालून दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी हातापायांना धातूचे पत्रे बांधून घेतले, यंत्र सुरू केलं, त्यातून निघालेली कागदाची लांब पट्टी डोळ्यांजवळ धरली आणि त्यांचा चेहराच उतरला. हृदयाला झटका बसला आहे, म्हणाले.

माझं हसू दुसऱ्या दिवशी सकाळी मावळलं. मी उठून बसायला गेलो आणि दवाखान्यातल्या गड्याने माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून मला परत आडवं केलं. तोंड धुवायचं ते त्याच्या हातून, भाताचा घास घ्यायचा तो त्याच्या हातून, आणि बाकीचं जे काही असतं तेही खाटेवरच. त्या काळी हृदयाच्या दुखण्याला हाच उपाय होता. आता माझा नातू सांगतो की अशा रोग्याला लवकरच उठवून चालायला लावतात. ऐकलं की माझं पित्त खवळतं.

ही गोष्ट पन्नास सालानंतरची. आमच्या जिल्ह्याला तेव्हा चांदा म्हणत आणि गडचिरोली हा त्यातलाच एक तालुका होता. दवाखाना वैनगंगेच्या गडचिरोलीकडच्या काठापासून थोडा आत, आणि पलीकडे मूल. मूलला माझ्या बायकोचं माहेर. ती तिथे बाळंतपणाला गेली होती. आदल्या खेपेला तिचं सातव्या महिन्यातच सगळं नासलं होतं आणि मी तेव्हा जंगलात होतो. या वेळी निघताना ती एकच बोलली होती, "काहीही होवो, तुम्ही दारात पाहिजे." मी हो म्हटलं होतं. दिवस भरत आले होते, नदीला पूल नव्हता, पूर आला की डोंगा बंद व्हायचा, आणि मी कवेलूच्या छपराखाली उताणा पडलो होतो.

पाऊस झोडपत होता. छपराच्या कौलांना गळती लागली होती आणि माझ्या नजरेला दुसरं काही नसल्याने कोणत्या कवेलूतून थेंब कधी सुटेल हे मला पाठ झालं. मी येण्याच्या थोडं आधी गळतीमुळे सगळ्या खाटा फिरवल्या होत्या. डोकं होतं तिथे पाय, पाय होते तिथे डोकं. यंत्राचं स्टूल मात्र भिंतीजवळ होतं तिथेच राहिलं, त्यामुळे उशाकडचं ते पायथ्याशी आलं. ही बाब तेव्हा मला क्षुल्लक वाटली.

डॉक्टर माझ्याच वयाचे. नागपूरला शिकून आले होते आणि पदरमोड करून ते जुनं यंत्र सोबत आणलं होतं. जीपच्या बॅटरीवर चालायचं. तापलेली सुई मेणाच्या कागदावरून सरकायची आणि उदबत्तीचा नसेल इतका त्या मेणाचा वास त्यांना प्रिय होता. छातीवर लावायची रबरी वाटी चिरल्यामुळे ती वायर बंद होती. हातापायांच्या वायरींवरच काम चालायचं.

मी रोज भांडायचो. मला काही होत नाही, मला सोडा, मला नदी ओलांडायची आहे. डॉक्टर आधी समजावायचे, मग चिडायचे, मग निघून जायचे. एके दुपारी त्यांनी हात टेकले. माझी पट्टी आणून माझ्या छातीवर टाकली. म्हणाले, "तुम्ही लिहिणारे-वाचणारे आहात ना? मग शिका हे. स्वतःच वाचा आणि स्वतःच ठरवा घरी जायचं की नाही."

त्यांना वाटलं असेल मी गप्प बसेन. मी शिकलो. दुसरं करण्यासारखं होतं तरी काय?

पट्टीवर बारीक चौकटी असतात. आमच्या भागातल्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, टेकडीवरून दिसतात तशा, एकीला लागून एक. पाच बारीक चौकटींची एक मोठी. कागद ठरलेल्या वेगानेच सरकतो, म्हणून आडवं मोजलं की वेळ कळते आणि उभं मोजलं की जोर कळतो. दोन उंच टोकांच्या मध्ये मोठ्या चौकटी किती ते पाहायचं आणि तीनशेला त्यांनी भागायचं. चार आल्या तर हृदयाचे मिनिटाला पंचाहत्तर ठोके पडतात. हे मला आवडलं. मापाचं काम होतं, आणि माझे ठोके अगदी व्यवस्थित, सारख्या अंतरावर होते.

मग प्रत्येक ठोक्याचं रूप. आधी एक छोटा उंचवटा येतो. तेव्हा हृदयाचे वरचे दोन कप्पे आवळतात. मग थोडी सपाट रेघ. मग एकदम उंच, अणकुचीदार टोक. तेव्हा खालचे मोठे कप्पे आवळून रक्त बाहेर ढकलतात. परत थोडं सपाट, आणि मग एक रुंद, गोलसर टेकाड. तेव्हा खालचे कप्पे विसावा घेतात. उंचवटा, टोक, टेकाड. मी दिवसभर हेच घोकायचो. झटका बसला की मांसाचा एक भाग मरतो, तिथून प्रवाह जात नाही, म्हणून टोकाच्या जागी खड्डा पडतो आणि टेकाड उलटं होतं.

"आणि ही प्रवाहाची दिशा," डॉक्टर म्हणाले. आता त्यांनाही शिकवण्यात गोडी वाटू लागली होती. पावसाने तेही अडकलेच होते. "ही पहिली पट्टी दोन हातांमधली. डाव्या हातावर उभं राहून हृदयाकडे पाहते असं समजा. हृदयातला प्रवाह उजवीकडून डावीकडे उतरतो. म्हणजे डाव्या हाताला तो आपल्याकडे येताना दिसतो. येताना दिसला की सुई वर जाते, दूर जाताना दिसला की खाली. धडधाकट माणसाच्या पहिल्या पट्टीत सगळं वर असतं. तुमची पाहा."

माझ्या पहिल्या पट्टीत सगळं खाली होतं. टोक खाली, टेकाड खाली. मला वाचता येऊ लागलं आणि पहिली गोष्ट वाचली ती हीच. त्या दिवशी मी भांडलो नाही. छपराकडे पाहत पडलो आणि बायकोला काय निरोप पाठवायचा याचा विचार करत राहिलो. मला मरणाची भीती वाटली, हे स्पष्टच सांगतो.

माझ्या शेजारच्या खाटेवर एक शेतकरी होता. चाळिशीपुढचा, काळाकभिन्न, हाडापेराने मजबूत. त्याचं गाव याच काठाला, जंगलाच्या कडेला. पोटाच्या वरच्या अंगाला दुखतं, डावा हात भरून येतो, म्हणून त्याच्या बायकोने त्याला बळेच आणलं होतं. त्याचीही पट्टी माझ्याच दिवशी काढली होती. डॉक्टरांनी ती मला दाखवली, तर त्याच्या पहिल्या पट्टीत टोक वर, टेकाड वर. डॉक्टरांनी पोटाचं औषध देऊन त्याला चार दिवस ठेवलं, तेही वाटेतला नाला भरला होता म्हणून. तो वॉर्डभर हिंडायचा, बाहेर जाऊन तंबाखू मळायचा आणि माझ्या उशाशी बसून मला चिडवायचा.

"बाबू, तुमच्या हृदयाचा रोवणा उलटा झाला वाटते," तो म्हणायचा. "मुळं वर अन् पाती चिखलात."

"भाऊ, तुम्ही गप्प बसा," मी म्हणायचो.

नाला उतरला त्या सकाळी तो धोतर खोचून निघाला. धानाची रोपं लावायला आलेली, त्यांना आमच्याकडे पऱ्हे म्हणतात, ती वाढून चालली होती आणि रोवणा, म्हणजे ती लावणी, थांबत नाही. दारातून वळून म्हणाला, "मी चाललो. तुमी पडून राहा आरामानं." मी त्याच्या चालत्या पायांकडे पाहिलं. माझा इतका जळफळाट झाला की मी त्याला नीट निरोपही दिला नाही.

तो गेल्यावर माझ्याकडे पट्टीशिवाय काही उरलं नाही. मी ती इतक्या वेळा पाहिली की कागदाच्या कडा मऊ पडल्या. आणि मग मला तो छोटा उंचवटा दिसला. म्हणजे आधीही दिसत होता. पण तोही खाली आहे हे मी मनावर घेतलं नव्हतं. डॉक्टर आल्यावर मी विचारलं, "झटका खालच्या कप्प्याला बसला म्हणता. मग वरच्या कप्प्यांचा हा उंचवटा का उलटा? त्यांचं काय बिघडलं?"

मी काही शोध लावत नव्हतो. सुटण्यासाठी घासाघीस करत होतो, एवढंच. डॉक्टर भडकले. "अर्धवट शिकलेला रोगी म्हणजे डोक्याला ताप. थांबा, नीट असलेलं हृदय कसं दिसतं ते दाखवतो तुम्हाला." आणि सदरा काढून ते शेजारच्या रिकाम्या खाटेवर आडवे झाले.

गड्याने मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याच्या घड्या ठेवून त्यांच्या हातापायांना पत्रे बांधले. डॉक्टरांनी पडल्या पडल्या खटके कसे दाबायचे ते त्याला सांगितलं. सुई सरकली. पट्टी हातात घेताना डॉक्टरांच्या तोंडावर मास्तरकी होती, ती बघता बघता पुसली गेली. त्यांच्या पहिल्या पट्टीत सगळं खाली होतं. उंचवटा, टोक, टेकाड. माझ्यासारखंच.

"आता तुम्हीही दीड महिना," मी म्हणालो. फार दिवसांनी मला मनापासून हसू आलं.

डॉक्टर बराच वेळ आपली पट्टी आणि माझी पट्टी शेजारी धरून पाहत राहिले. मग उजव्या मनगटावरच्या वायरीवरून बोट फिरवत फिरवत यंत्रापर्यंत गेले. वायरीवरची इंग्रजी अक्षरं कधीच झिजून गेली होती. त्यांनी ती यंत्रातून उपसली, तिच्या भोकावरचं अक्षर पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"ही डाव्या हाताची आहे," ते गड्याला म्हणाले. "ही उजव्याला काऊन बांधली तू?" पुढच्या इतक्या वर्षांच्या ओळखीतही त्यांच्या तोंडून आमची बोली मी तेवढी एकदाच ऐकली.

गडी गोंधळला. तो आधी गाडीवान होता. उभी हयात त्याने बैल हाकले होते. "मी तं नेहमीसारखीच बांधली," तो म्हणाला. "तुमीच शिकवलं होतं, ही वायर माह्या या हाताकडं, अन् ही त्या हाताकडं."

"पण तेव्हा तू उशाशी उभा राहायचास!"

तो खाटेकडे पाहत राहिला. मग त्याने स्वतःचेच दोन हात समोर धरले, एकदा खाटेच्या उशाला जाऊन उभा राहिला, परत पायथ्याशी आला. "बैल तं आमी मागूनच पाह्यतो, साहेब," तो हळूच म्हणाला. "उजवा बैल उजवीकडंच असते. समोरून कोणी बैल हाकते काय?"

म्हणजे गळतीमुळे खाटा फिरल्या, स्टूल पायथ्याशी आलं, गडी पायथ्याशी आला, आणि तेव्हापासून प्रत्येक रोग्याचा उजवा हात यंत्राला डावा झाला. पायांच्याही वायरी उलटत होत्या, पण त्याने फारसं बिघडत नाही, असं डॉक्टर म्हणाले. बिघडत होती ती दोन हातांमधली पट्टी. डॉक्टरांनी दाढीचा आरसा आणला आणि माझ्या पट्टीच्या खालच्या कडेला उभा टेकवला. आरशात उंचवटा वर, टोक वर, टेकाड वर. खात्री म्हणून माझी नवी पट्टीही काढली. तीत काहीही वावगं नव्हतं. छातीचा स्नायू लचकला होता, बस्स.

मी उठून बसलो. डोकं गरगरलं, पाय लाकडासारखे झाले होते, आणि तरी मी भिंतीला धरून दारापर्यंत गेलो. पाऊस उघडला होता. नदीवरून आलेला एक माणूस म्हणाला की पाणी ओसरलं आहे, डोंगा सुरू झाला आहे, पण वर ढग भरून आहेत, तेव्हा आजचा दिवस आपला. माझा जीव भांड्यात पडला. मी माझी पिशवी मागितली.

मागे वळलो तर डॉक्टर तसेच उभे. त्यांच्या हातात आणखी एक पट्टी होती आणि तिला आरसा टेकवलेला होता. मी जवळ गेलो. मला विचारायची गरजच पडली नाही. कागदावर टोक वर होतं, टेकाड वर होतं. पण छोटा उंचवटा तेवढा खाली होता, आणि तो आम्ही दोघांनीही पाहिला नव्हता. आरशात उंचवटा जागेवर आला. टोकाच्या जागी खोल खड्डा पडला. टेकाड उलटं झालं.

ती शेजारच्या खाटेवरल्या भाऊची पट्टी होती.

"तो आत्ता रोवण्यात असेल," डॉक्टर म्हणाले. "गुडघाभर चिखलात." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मला बाकीचे रोगी सोडून जाता येत नाही. गडी एकटा गेला तर तो शेतकरी येणार नाही. मीच त्याला जा म्हटलं होतं. तुमचं ऐकेल कदाचित."

मला त्यांचा संताप आला. गड्याचा आला, छपराचा आला, त्या भाऊचाही आला. एका बाजूला नदी होती आणि दुसऱ्या बाजूला भाऊचं गाव, आणि दोन्ही वाटा दवाखान्याच्या दारातूनच फुटत होत्या. गड्याने बैल जुंपले. मी शिव्या घालतच गाडीत चढलो.

बांधीत बायका ओळीने वाकून रोवत होत्या. भाऊ धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसला होता, पऱ्ह्यांची पेंडी बाजूला टाकून, हात पोटाच्या वर दाबून. मला पाहून त्याने दात काढले. "बाबू, सुटले तुमी? पळून आले काय?"

मी सांगितलं. वायरी, खाटा, आरसा, सगळं. त्याने ऐकून घेतलं आणि मान हलवली. "त्या दिवशी डाक्टरनंच म्हटलं, तुले काई नाई. आज म्हणते, हाय. उद्या काय म्हणन? गॅस हाय मले. ढेकर आली का मोकळा होतो. इथी रोवणा सोडून मी नाई येत."

मी आवाज चढवला, त्यानेही चढवला. तेवढ्यात त्याची बायको बांधीतून वर आली. हातातली रोपं तिने जावेकडे दिली, पायांचा चिखल धुतला आणि गाडीत जाऊन बसली. तो तिच्याकडे पाहत राहिला. "हे अशीच हाय," मला म्हणाला, आणि कण्हत उठला. त्याला मी चालू दिलं नाही. गड्याने आणि मी धरून गाडीत चढवलं. तो तेव्हाही मला हसत होता.

दवाखान्यात पोचेपर्यंत पाऊस परत सुरू झाला होता. डोंगा बंद झाल्याचं मला कोणी सांगावं लागलं नाही. माझ्या थोरल्या मुलीने जगात डोळे उघडले तेव्हा मी नदीच्या या काठाला होतो. सगळं सुखरूप झालं, पण तिच्या आईने पुढे कित्येक वर्षं तो दिवस माझ्यासमोर काढला नाही, आणि न काढण्यातच मला सगळं ऐकू यायचं.

गडी या वेळी उशाशी उभा राहिला. प्रत्येक वायर बांधण्याआधी त्याने भाऊचा तो हात उचलून डॉक्टरांना दाखवला. सुई सरकली. डॉक्टरांनी पट्टी पाहिली आणि बोलायला तोंड उघडलं, पण भाऊने हात वर केला. तो खाटेच्या कडेवर बसला होता, पाय जमिनीला टेकवून, केव्हाही उठून निघेल असा. माझीच खाट होती ती. वरचं ते गळकं कवेलू मला ओळखीचं होतं.

"तुमी नोका सांगू, साहेब," तो म्हणाला. "बाबू सांगन. त्याले घरी जायची माह्यापेक्षा घाई हाय. तो खोटं कायले बोलन?"

डॉक्टरांनी पट्टी माझ्या हातात दिली. मेण अजून कोमट होतं. सुटण्यासाठी मी जे शिकलो होतो ते माझ्यासमोर होतं. उंचवटा वर, जिथे हवा तिथे. त्यापुढे खड्डा. त्यापुढे उलटं टेकाड. प्रत्येक ठोक्याला तेच. त्याची बायको दाराशी उभी होती आणि पट्टीकडे नाही, माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"भाऊ," मी म्हणालो, "झटका तुम्हाला बसला आहे."

त्याने बाहेर पाहिलं. "रोवणा अर्धा राह्यला," म्हणाला. "मले जाऊ द्या ना, बाबू. चार दिवसांनी येतो."

अगदी हेच शब्द मी रोज त्या डॉक्टरांना बोललो होतो. मला वाटलं, म्हणावं जा. पण मी त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले, गडी माझ्या ठेवायचा तसेच, आणि म्हणालो, "उठायचं नाही. कुशीवर वळावंसं वाटलं तर मला हाक मारा. पूर उतरेपर्यंत मी इथेच आहे."

त्याने दाराशी उभ्या बायकोकडे पाहिलं. मग एकेक करून पाय वर घेतले.